पेव उघडताना

दंडोबाच्या डोंगराखाली विजेच्या तारेला
माकडीण चिकटली. वनरक्षक बाबर
तिला पोत्यात घालून मिरजेला घेऊन आले.
म्हणाले, गाभण आहे, बघा उपयोग होत असला तर.
मी वहीत लिहिलं : गर्भवती.
उपाध्येबाईंनी घड्याळ पाहिलं.
मी बर्फ काढला.

पिलाचा मेंदू एवढासा.
घड्या अजून पडायच्या होत्या,
भिजवून सोललेल्या वालासारखा गुळगुळीत.
गोठवला. मग पातं, वीस मायक्रॉनचा एकेक काप,
ब्रशच्या एका केसानं काचेवर सरळ करायचा,
श्वास धरून. तीनशे बारा काचा.
एकतीस वर्षं हेच करतेय,
तरी पहिल्या कापाआधी हात पदराला पुसते.

बाई नव्या पोरांना शिकवतात ते मला पाठ आहे :
प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं,
डोळ्याची, नखाची, आतड्याची.
प्रश्न इतकाच, कोणतं कुठं बोलतं, आणि कधी.
पोरं लिहून घेतात.
मी मनात म्हणते, पेव.

हरिपूरला माझा बाप पेवात उतरायचा.
वरून बघाल तर नुसती जमीन,
शेळ्या बसलेल्या. खाली पंचवीस फूट हळद.
एकाला लागून एक, सगळी भरलेली, सगळी मुकी.
भाव निघाला की पेढीवरून चिठ्ठी यायची :
चिंचेपासून सातवं.
तेवढंच उघडायचं. माती खरवडून तोंड मोकळं करायचं,
वारा लागू द्यायचा,
मग दोरीला बांधून कंदील खाली.
विझला, तर रायाप्पा काठावर बसून राहायचा.
नाही विझला, तर
पाय आधी सोडायचा आत,
अंगठ्यानं भिंत चाचपत.

बाईंच्या जनुकाच्या नावात त्रेचाळीस आकडा आहे.
ते उघडलं की पेशीतून निघालेला धागा लांबत जातो,
टोकाला पंजा, पंजाला बोटं.
बोटं पसरतात, हुंगतात,
नको तिथून आखडतात,
आणि मेंदूच्या दुसऱ्या काठाकडे निघतात
कुणी बोलावलंय याची खात्री नसताना.

तिसऱ्या दिवशी रंग चढला.
जिथं पेव उघडं तिथं जांभळं,
पिकल्या करवंदाचा डाग पडावा तसं.
दुसऱ्या काचांवर तंतू दिसले.
दोन अर्धांच्या मधल्या पुलावर
काही पोचलेले. काही मध्येच,
बोटं उघडीच.
तार लागली तेव्हा कुठवर आलो होतो,
एवढंच सांगत होते.
मी भिंगावरून डोळा काढला, चहा केला, प्यायले नाही.

वाढ झाली की हे पेव बुजतं का, एका पोरानं विचारलं.
बाईंनी म्हाताऱ्या माकडाची जुनी काच काढली.
बहुतेक जागी फिकट.
पण जिथं पाहिलेलं आणि ऐकलेलं एकमेकांना भेटतं,
जिथं नव्यानं काही शिकावं लागतं, तिथं
जांभळं होतंच अजून.

हरिपूरची पेवं पुरानं खाल्ली.
बापाला मागल्या दिवाळीत झटका आला, वाचा गेली.
उरला एकच शब्द : सातवं.
पाणी सातवं. ऊन सातवं. मी सातवं.
डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी.
मी बोलत राहते : काचा, बर्फ, बाबर, भाजीचे भाव.

काल रात्री लाइट गेली.
मी मोबाइलची बॅटरी लावून खोलीत गेले.
त्यांनी उजेडाकडे खूप वेळ पाहिलं,
ओठ दोनदा जुळले, सुटले.
मग म्हणाले, विझ...ला?
नाही, म्हटलं. जळतोय.

तेव्हा त्यांनी
पाय आधी सोडले कॉटखाली,
अंगठ्यानं फरशी चाचपत.